झुंबराचे आटे

मराठीत झुंबर एकटे येत नाही. ‘हंड्या-झुंबरे’ अशी जोडी आपल्या तोंडी बसली आहे, आणि ती उच्चारली की वाडा, दरबार, लग्नाचा मांडव किंवा गणपतीची आरास डोळ्यांसमोर येते. देहूरोड येत नाही. या स्थानकावर माणसे उतरतात ती तुकोबांच्या देहूला जायला, किंवा २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली त्या विहारात जायला, नाहीतर लष्कराच्या डेपोत कामावर रुजू व्हायला. सरदार घराणे होते ते दोन-तीन स्थानके पलीकडे, तळेगावला, दाभाड्यांचे. देहूरोडला राजवाडा नव्हता आणि दिवाणखानाही नव्हता. तरीही चांदीचा मुलामा दिलेल्या जुन्या झुंबरांचे वय आणि मूळ कसे ओळखावे, या विद्येची प्रस्तावना मी याच गावात बसून लिहितो आहे. या विद्येला हे गाव परके नाही, उलट फार सोयीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे सांगण्याआधी विषयाची थोडी ओळख करून देतो.

राजवाड्यातल्या झुंबरांना आपल्या मदतीची गरज नसते. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालात दोन प्रचंड झुंबरे आहेत. एकेकाचे वजन साडेतीन टनांच्या घरात सांगतात. ती टांगण्याआधी छत पेलते की नाही हे पाहण्यासाठी हत्ती वर चढवले होते, ही गोष्ट तिथला प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. महाल १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांच्या काळातला. त्यामुळे झुंबरांचे वय ठरवायला कोणाला शिडी लागत नाही. वस्तू जिथली तिथे आहे, तिच्या भोवती घराणे आहे, दप्तर आहे, आख्यायिकाही आहे.

अडचण असते ती बेघर झालेल्या झुंबरांची. लोणावळा-खंडाळ्याचा एखादा जुना बंगला विकला जातो, मुंबईतले एखादे नाट्यगृह पाडले जाते, एखादा क्लब किंवा मेस आपले जुने सामान लिलावात काढते. तिथून झुंबर निघते ते गोणपाटात गुंडाळून, फांद्या वेगळ्या, लोलक पत्र्याच्या डब्यात. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ते पोचते तोवर त्याचे गाव, घर, मालक, सगळे पुसले गेलेले असते. मग विकणारा त्याला नवे गोत्र देतो. ते गोत्र बहुधा एकच असते: ‘बेल्जियमचे, संस्थानिकाच्या महालातले’. इतकी झुंबरे खरोखरच महालांतून आली असती तर संस्थानिकांना झोपायला जागा उरली नसती. ज्या वस्तूचे कागद हरवले, तिच्याच अंगाखांद्यावरून तिची हकीकत वाचायची, एवढाच या विद्येचा दावा आहे. वाचकांनी तिच्याकडे श्रीमंतांचा छंद म्हणून पाहू नये. ती विकत घेण्याची विद्या नाही, वाचण्याची आहे. आणि वाचायला झुंबर स्वतःचे असावे लागत नाही.

सुरुवात चांदीपासून करू. ‘चांदीचे झुंबर’ असे आपण सैलपणे म्हणतो, पण ते जवळजवळ कधीच चांदीचे नसते. आत पितळ, तांबे किंवा जर्मन सिल्व्हर असते आणि वर चांदीचा पातळ थर. हा थर चढवण्याच्या दोन मोठ्या रीती होऊन गेल्या. पहिली शेफील्डची: १७४० च्या दशकात थॉमस बोल्सोव्हर नावाच्या कारागिराने तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून चिकटवला आणि दोन्ही एकत्र लाटले. म्हणजे पत्रा आधीच चांदीचा पापुद्रा घेऊन येई आणि वस्तू नंतर घडे. अशा वस्तूची कापलेली कड उघडी पडली की तांब्याची तांबडी रेघ दिसते; ती झाकायला कारागीर कडेवर चांदीची तार फिरवत किंवा पत्रा दुमडून घेत. दुसरी रीत विजेची. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी १८४० मध्ये तिचे पेटंट घेतले. सायनाइडच्या द्रावणात वस्तू बुडवायची, वीजप्रवाह सोडायचा, आणि चांदी आपोआप अंगावर बसते. इथे वस्तू आधी पूर्ण घडते आणि चांदी शेवटी येते, म्हणून ती सांध्यांवर, डाकावर, नक्षीच्या खोबणीत, सगळीकडे सारखी पसरलेली असते.

हा फरक नीट समजला की पहिली तारीख हाती लागते. मुलामा डाकावरूनही अखंड वाहत गेला असेल, तर तो थर बहुधा १८४० च्या आधीचा नाही. मी ‘तो थर’ म्हणालो, ‘ते झुंबर’ नव्हे. जुन्या पितळी झुंबराला पन्नास वर्षांनी कोणी चांदीचे पाणी दिले असेल, तर धातूचे वय एक आणि चांदीचे दुसरे. ही गाठ या विषयात सतत पडणार आहे, म्हणून वाचकांनी ती आत्ताच लक्षात ठेवलेली बरी.

झिजलेल्या जागा नेहमी आधी पाहाव्यात. मुलाम्याखालून तांबडा रंग डोकावला तर तांबे, पिवळा डोकावला तर पितळ, राखाडी-पांढरा असेल तर जर्मन सिल्व्हर. या शेवटच्या नावात दोन फसवणुकी आहेत. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे. शिवाय आपल्याकडे ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात ते ॲल्युमिनियमचे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. इंग्लिश मालावर ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे असली तर त्यांचा अर्थ जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेली चांदी, इतकाच. पुष्कळ कारखानदार ही अक्षरे वेगवेगळ्या छोट्या ढालींत अशा थाटात उमटवत की घाईत पाहणाऱ्याला ती अस्सल चांदीवरची सरकारी मोहोरच वाटावी. तशी ती वाटावी हाच हेतू होता.

आणि सगळेच पांढरे चांदी नसते. १८७० नंतर निकेलचा मुलामा स्वस्त झाला, १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्रोमियमचा आला. चांदी हवेतल्या गंधकाने तपकिरी होत काळी पडते. निकेल काळे पडत नाही. ते पिवळसर, मंद, थोडे आजारी दिसू लागते. क्रोमियम निळसर आणि कोरडे चमकते, वर्षानुवर्षे तसेच राहते. माझे पहिले झुंबर मी चांदीच्या मुलाम्याचे आणि १८५० च्या सुमाराचे म्हणून आणले होते. विकणाऱ्याने तसे सांगितले होते, आणि मलाही तसेच ऐकायचे होते. शेजारच्या मुलाने खेळातला लोहचुंबक त्याच्या दांड्याला लावला आणि तो घट्ट बसला. दांडा लोखंडी नळीचा, मुलामा निकेलचा, आणि वरची टोपी ज्या स्क्रूने बसवली होती त्याच्या डोक्यावर चांदणीसारखी खाच. अशा खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकाआधी बाजारात नव्हते. मी निदान ऐंशी वर्षांनी चुकलो होतो. त्या मुलाला बक्षीस म्हणून एक लोलक दिला. तोही नंतर प्लास्टिकचा निघाला.

झुंबराच्या वयाचा सर्वांत सोपा साक्षीदार म्हणजे त्यात कधीकाळी काय जळत होते ते. मेणबत्तीच्या झुंबराच्या फांद्या भरीव असल्या तरी चालत, टोकाला मेण झेलणारी बशी लागे. गॅसच्या झुंबराला पोकळ फांद्या आणि प्रत्येक फांदीवर छोटी तोटी लागे. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले, तेव्हा तोटीचे झुंबर आपल्याकडे त्याआधी येण्याचे कारण नव्हते. ज्योत खाली तोंड करून जळत नाही, म्हणून मेणबत्ती आणि जुना गॅस यांच्या फांद्या शेवटी आकाशाकडे वळतात. गॅसचे उलटे मॅन्टल आणि विजेचा दिवा आले तेव्हा कुठे झुंबराला मान खाली घालता आली. फांदी मुळातच खाली वळलेली आणि आतून तारेसाठी पोकळ असेल, तर ते विजेच्या काळातले अपत्य आहे. फांदी वर वळलेली, पण बाजूला ड्रिलने पाडलेले भोक आणि भोकाची कड आतल्या धातूच्या रंगाची असेल, तर जुन्या झुंबराला विजेची दीक्षा नंतर मिळाली आहे. भोकाच्या कडेवरही चांदी चढलेली असेल तर? तर भोक आधी पडले आणि मुलामा मागून झाला. इथे वाचकाने थांबून मघाची गाठ आठवावी.

विजेचा विषय निघाला की मावळातल्या माणसाला थोडा अभिमान वाटतो आणि थोडा चिमटाही बसतो. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते वळवण, शिरवता आणि लोणावळा या आपल्या तलावांच्या पाण्यावर. पाणी मावळाचे, वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. मावळातल्या खेड्यांनी पुढे कितीतरी वर्षे कंदिलाच्या काचा पुसल्या. म्हणून आपल्या भागातल्या झुंबराबद्दल विचारायचा प्रश्न ‘वीज कधी आली’ एवढाच नाही. ‘हे झुंबर ज्या घरात होते त्या घरात वीज कधी आली’ हा आहे. बंगल्यातली वीज आणि शेजारच्या वाडीतली वीज यांत दशके गेली आहेत.

आता देहूरोडकडे येतो. इथे आणि पुढे आकुर्डी-चिंचवड-पिंपरीपर्यंत ज्यांची हयात गेली ती माणसे टर्नर आहेत, फिटर आहेत, डेपोतले भांडारपाल आहेत. त्यांना कलेचा इतिहास शिकवलेला नाही, पण आटे वाचता येतात. झुंबर म्हणजे अखेर एका दांड्यावर ओवलेल्या वाट्या, नळ्या आणि फांद्या. सगळे आट्यांनी एकमेकांना धरून असते. नक्षीची नक्कल करता येते, काळपटपणा रसायनाने आणता येतो, पण दोनशे जागी असलेल्या आट्यांची नक्कल करायला कोणी बसत नाही. कलापारखी झुंबर खालून पाहतो. फिटर ते खोलून पाहतो. माझ्या अनुभवात फिटर कमी चुकतो.

थोडा तपशील देतो, कारण इतरत्र तो सहसा एकत्र सांगितला जात नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांची एक पद्धत मांडली: कोन ५५ अंशांचा, मोजमाप इंचात. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले. एका बोल्टचा नट दुसऱ्याला लागेलच याची खात्री नसे. म्हणून जुन्या झुंबराचे नट आणि फांद्या यांच्यावर कानशीने पाडलेल्या खुणा सापडतात, एक रेघ, दोन रेघा, किंवा रोमन आकडे, म्हणजे कुठले कुठे बसते हे कळावे. या खुणा पाहिल्या की मला हटकून आनंद होतो. इंग्लिश गॅसदिव्यांच्या पितळी जोडांत, व्यास कितीही असो, इंचाला २६ आटे ठेवायची रीत पडली आणि पुढे विजेच्या होल्डरांनीही ती उचलली. अमेरिकन दिव्यांच्या नेहमीच्या बारीक नळीला इंचाला २७ आटे. युरोपखंडात मिलिमीटर, तिथे दिव्याच्या नळीला दहा मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटर अंतर हे माप सर्रास सापडते. तेव्हा कोणत्याही वर्कशॉपमध्ये मिळणारा, आटे मोजायचा पिच गेज घेऊन तुम्ही एका मिनिटात इंग्लंड, अमेरिका आणि युरोप यांच्यात निवड करू शकता. विकणाऱ्याने ‘बेल्जियम’ म्हटलेल्या झुंबरात २६ आटे भेटले, तर त्याच्याशी वाद घालू नये, गेज खिशात ठेवावा.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्या देशाने दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये केला आणि त्यानंतर कारखाने हळूहळू मिलिमीटरकडे वळले. त्यामुळे एखाददुसरा मेट्रिक नट दिसला म्हणून झुंबर पॅरिसला पाठवू नये. तो आकुर्डीच्या लेथवरही घडलेला असू शकतो. सगळे आटे एका जातीचे आहेत की एकच परका आहे, हे महत्त्वाचे.

होल्डरचेही तसेच. आपल्या घरोघरी दिवा दोन पिनांवर दाबून फिरवतात, ही इंग्लिश रीत. पेचाचा होल्डर अमेरिकन एडिसनचा आणि तोच युरोपात रुळला. जुन्या झुंबरात मूळचे पेचाचे होल्डर असतील, तर ते इंग्लिश बाजारासाठी बनलेले नव्हते, असा अंदाज धरता येतो. तारही पाहावी: रबरावर सुती विणीचे आवरण असलेली तार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळाकडे बोट दाखवते, पीव्हीसीची तार नंतरच्या. अर्थात तार हा झुंबराचा सदरा आहे, तो बदलतो.

शिक्के आणि मोहोरा यांच्याबद्दल नवख्याला सर्वाधिक उत्सुकता असते, आणि झुंबरावर त्याच सर्वांत कमी सापडतात. सापडल्याच तर छताजवळच्या वाटीच्या आत, फांदीच्या मुळाशी किंवा बशीच्या खाली. इंग्लिश मालावर चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखी एक खूण असते, तिच्या कोपऱ्यांत अक्षरे-आकडे. ती १८४२ ते १८८३ या काळातल्या नोंदणीकृत नमुन्याची. वरच्या वर्तुळात रोमन एक असेल तर नमुना धातूचा, तीन असेल तर काचेचा. १८८४ पासून तिची जागा साध्या नोंदणी क्रमांकाने घेतली. लक्षात घ्या, ही तारीख नमुना नोंदवल्याची आहे, वस्तू घडल्याची नव्हे. खपणारा नमुना वर्षानुवर्षे निघत राही. कारखान्याच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर १८५५ नंतरचे. नुसते ‘इंग्लंड’ असेल तर बहुधा १८९१ नंतरचे, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. ‘मेड इन’ असेल तर विसाव्या शतकाचा विचार करावा. आपल्याकडच्या झुंबरांसाठी एक नाव विशेष: बर्मिंगहॅमचे एफ. अँड सी. ओस्लर. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात यांचे काचेचे कारंजे गाजले. कलकत्त्याला त्यांचे स्वतःचे दालन होते आणि संस्थानिक त्यांचे हक्काचे गिऱ्हाईक होते.

काचेविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. शिशाची काच जड असते, बोटाने टिचकी मारली तर रेंगाळणारा नाद देते. साधी काच ‘टक्’ म्हणून गप्प बसते. चाकावर कापलेल्या लोलकाची धार नखाला लागते, साच्यातल्या लोलकाची कड गोलसर असते आणि मधून जोडाची पुसट रेघ जाते. पण लोलक फुटतात आणि बदलले जातात. आजचे बदली लोलक पुष्कळदा फिरोजाबादचे असतात, जसे बदली पितळी भाग मुरादाबादचे. त्यात कमीपणा नाही. काचेच्या बाबतीत आपल्यालाही शेजारचा अभिमान आहे: तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ मध्ये उभा राहिला, लोकांनी दिलेल्या एकेक पैशाच्या बळावर आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत पसरले. झुंबराच्या कथेत ‘विलायती’ आणि ‘स्वदेशी’ हे शब्द आपण जितक्या सहज वापरतो तितके ते विलग नाहीत.

एवढे साक्षीदार गोळा झाले की ते एकमेकांशी भांडू लागतात. दांडा १८६० चा म्हणतो, फांद्या १९०० च्या म्हणतात, होल्डर कालचा. पुष्कळदा दोन मोडक्या झुंबरांचा मिळून एक संसार थाटलेला असतो. अशा वेळी नवखा माणूस हिरमुसतो आणि एक तारीख निवडून बाकीच्या दडपतो. तसे करू नये. वहीत प्रत्येक भागासमोर ‘याच्या आधीचे नाही’ आणि ‘याच्या नंतरचे नाही’ असे दोन रकाने आखावेत. उत्तर ‘१८७२’ असे न येता ‘सांगाडा १८४५ ते १८७०, मुलामा दुसऱ्यांदा, वीज १९२० नंतर’ असे आले, तर ते अपुरे नाही. ते त्या वस्तूचे चरित्र आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर आली. सांगाडा त्याआधीचा असेल, तर ते काचसामान घाट कसा चढले असेल, असा प्रश्न पडतो, आणि मग मला त्या बैलगाडीवाल्याविषयी झुंबरापेक्षा जास्त कुतूहल वाटू लागते.

वाचकांना दोन विनंत्या. पहिली, पाहण्याआधी घासू नका. चिंच, राख, दंतमंजन, बाजारातल्या पावडरी, सगळ्या चांदीचा थर थोडा थोडा नेतात, आणि नवा मुलामा तर पुरावाच गाडून टाकतो. मऊ कापडाने धूळ झटका, फोटो काढा, मग काय ते ठरवा. दुसरी, कायदा माहीत असू द्या: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांची कलावस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलीच्या दिवाणखान्यासाठी आजीचे झुंबर बांधून पाठवण्याआधी त्याचे वय काढणे हा मग छंद राहत नाही.

डोळा तयार करायला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय जवळ आहे. तिथल्या दिव्यांपुढे एक दुपार घालवा. दिनकररावांनी समया, लामणदिवे, पणत्या ज्या मायेने जमवल्या ती पाहिल्यावर दिवा ही वस्तू किती नाना रूपांनी घडते हे उमगते, आणि झुंबराकडे परतताना नजर बदललेली असते. बुधवारी किंवा रविवारी गेलात तर येताना जुन्या बाजारात चक्कर मारा. विकत काही घेऊ नका, फक्त उलटे करून पाहा.

आणि मग एखाद्या ओळखीच्या घरात, मंदिरात किंवा हॉलमध्ये परवानगी काढा. मुख्य बटण बंद करा, खाली कोणाला तरी शिडी धरायला सांगा, शक्यतो एखाद्या निवृत्त फिटरला. खिशात चुंबक, भिंग, पिच गेज आणि पेन्सिल असू द्या. वर गेल्यावर आधी धूळ दिसेल, कदाचित गांधीलमाशीचे रिकामे घर. फुंकर मारा. छताच्या वाटीखाली, जिथे खालून कोणाचीच नजर पोचत नाही, तिथे चांदी अजून पहिल्या दिवसासारखी असते. आणि फांदीच्या मुळाशी, दीडशे वर्षांपूर्वी कोण्या कारागिराने कानशीने पाडलेल्या तीन रेघा. समोरच्या खोबणीवर तीनच आहेत का, ते मोजा.